कायोटी, लांडगा आणि लिंक्ससाठी पाय धरणारा सापळा निवडताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅनडा-अमेरिकेत वाइल्डलाइफ बायोलॉजी शिकायला आलेली आपली मुलंमुली, शहराबाहेर जमीन घेऊन कोंबड्या-मेंढ्या पाळणारी मंडळी आणि सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला घेऊन जंगलात फिरायला जाणारे, या तिघांकडून फुटहोल्ड ट्रॅपबद्दल, म्हणजे प्राण्याचा पाय धरणाऱ्या सापळ्याबद्दल, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. मी कॅनडातल्या अल्बर्टात राहतो, ट्रॅपिंगचा कोर्स केलाय, आणि या विषयावर मराठीत काहीच नीट वाचायला मिळत नाही म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, पुढे ती परत परत येणार आहे: ज्याला रोज जाऊन सापळा बघणं जमणार नाही त्याने सापळा लावूच नये, मग तो कितीही महागातला आणि कितीही सर्टिफाइड असो.

फुटहोल्ड ट्रॅप म्हणजे नक्की काय, तो कसा चालतो?

दोन अर्धगोल लोखंडी जबडे, ते बंद करणाऱ्या स्प्रिंग, मधोमध एक छोटी गोल तबकडी जिला पॅन म्हणतात, आणि खाली चेन. प्राण्याचा पाय पॅनवर पडला की खटका सुटतो आणि जबडे पंजाच्या जरा वर बंद होतात. काम एवढंच, की प्राण्याला जिवंत धरून ठेवायचं. मारणारे सापळे वेगळे, ते बीव्हर-मार्टेनसारख्या फरच्या प्राण्यांसाठी असतात, त्यांचा इथे संबंध नाही. लांब पट्टीच्या स्प्रिंगचे जुने सापळे अजून दिसतात पण कायोटीसाठी (हा लांडग्याचाच लहान भाऊबंद) आता बहुतेक जण कॉइल, म्हणजे वेटोळ्याच्या, स्प्रिंगवालेच वापरतात, ते आटोपशीर असतात आणि लहान खड्ड्यात नीट बसतात.

दातेरी जबड्यांचे सापळे जे सिनेमात दिसतात ते डोक्यातून काढून टाका. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ओनायडा वसाहतीत स्यूएल न्यूहाउसच्या नावाचे सापळे बनायचे, त्यात अस्वल-लांडग्यांसाठी दातेरी मॉडेल होती, आज ती जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या भिंतीवर असतात. दातेरी सापळा बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि नसता तरी लावायचा नाही.

'ह्युमेन' आहे हे ठरवतं कोण? कंपनीने डब्यावर लिहिलं म्हणून मानायचं का?

नाही, अजिबात नाही. यासाठी मोजमाप आहे आणि ते समजून घेतलं की निम्मा गोंधळ संपतो.

१९९७ मध्ये युरोपियन युनियन, कॅनडा आणि रशिया यांच्यात माणुसकीने सापळे लावण्याच्या मानकांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यामागचं कारण व्यापाराचं होतं, युरोपने १९९१ मध्ये नियम करून असे लोखंडी सापळे आपल्याकडे बंद करायचं ठरवलं आणि ज्या देशांत ते चालतात तिथली ठराविक १३ जातींची फर घ्यायची नाही असंही म्हटलं, त्या यादीत लांडगा, कायोटी, लिंक्स, बॉबकॅट (हे दोन्ही मांजरकुळातले) सगळे आहेत, त्यामुळे फर विकणाऱ्या देशांना बसून काहीतरी ठरवणं भागच होतं. कारण काहीही असो, त्यातून जे निघालं ते उपयोगाचं आहे. धरून ठेवणाऱ्या सापळ्याची चाचणी कमीत कमी २० प्राण्यांवर होते, आणि त्यातल्या किमान ८० टक्के प्राण्यांमध्ये ठरवलेल्या गंभीर लक्षणांपैकी एकही दिसता कामा नये. लक्षणं कुठली, तर हाड मोडणं, घोट्याच्या वरचा सांधा निखळणं, स्नायूबंध तुटणं, पायाचा रक्तपुरवठा बंद पडणं, आतला गर दिसेल इतका दात तुटणं, स्वतःच्याच पायाला चावून मोठी जखम करून घेणं, डोळ्याला इजा, आणि प्राणी पूर्ण सुन्न होऊन प्रतिसादच न देणं हेही त्यात धरलंय. हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण रक्त दिसत नाही म्हणजे प्राण्याला त्रास नाही असं बरेच जण धरून चालतात.

कॅनडात चाचणी पास झालेल्या सापळ्यांची यादी फर इन्स्टिट्यूट ऑफ कॅनडा काढते, प्राणीनिहाय, मॉडेलनिहाय. अमेरिकेत राज्यांच्या वन्यजीव खात्यांची संघटना नव्वदच्या दशकापासून 'बेस्ट मॅनेजमेंट प्रॅक्टिसेस' नावाने असंच काम करते, तिथे जखमांना गुण देतात आणि सरासरी ५५ च्या वर गेली तर सापळा नापास, शिवाय ज्या प्राण्यांनी खटका उडवला त्यातले निदान ६० टक्के धरले गेले पाहिजेत, वापरणाऱ्या माणसाला धोका नको, नको त्या जातींचे प्राणी कमी सापडावेत अशा अटी. 

आणि एक बारीक पण मोठी गोष्ट: यादीत मॉडेलचं नुसतं नाव नसतं, त्यातले बदलही लिहिलेले असतात. इतक्या जाडीचा जबडा, चार कॉइल, चेन बेसप्लेटच्या (सापळ्याच्या खालच्या पट्टीच्या) मधोमध, असं सगळं. त्याच नावाचा पण दोन कॉइलचा आणि बाजूला चेन असलेला सापळा घेतलात तर तो यादीतला सापळा नाही. दुकानदार 'सेमच आहे' म्हणेल, पण सेम नाही.

कायोटीसाठी कुठला नंबर घेऊ? आणि लांडग्यासाठी तोच चालेल का?

इथे चपलेच्या मापासारखंच आहे, एक नंबर चुकला की त्रास होतोच, फक्त त्रास तुम्हाला नाही प्राण्याला होतो. सापळा लहान पडला तर नुसती बोटं पकडली जातात, बोटांची हाडं बारीक, प्राणी ओढतो, एक तर निसटतो नाही तर बोटं जखमी करून घेतो. मोठा पडला तर जबडा पंजा सोडून वर नळीच्या हाडावर बंद होतो आणि तिथे मोडण्याची भीती. बरोबर जागा म्हणजे पुढच्या पंजाच्या गादीच्या लगेच वर.

लाल कोल्हा चार-सहा किलोचा, त्याला दीड नंबरचा कॉइल स्प्रिंग पुरतो. कायोटी साधारण ९ ते २० किलोचा, त्याला जबड्यांचा आतला फैलाव सव्वापाच ते सहा इंचाचा लागतो, म्हणजे एमबी-५५० मॉडेल किंवा ३ नंबरच्या आसपासचे सापळे. लांडगा मात्र ३०-५० किलोचा, त्याच्या पंजाचा ठसा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा, कायोटीच्या सापळ्यात त्याची बोटंच सापडतात आणि असा लांडगा सापळा उखडून पायात घेऊन पळतो, यापेक्षा वाईट काही नाही. लांडग्याला सात इंच किंवा त्याहून मोठ्या फैलावाचे खास सापळे येतात, तेच घ्या. आणि तुमच्या भागात लांडगे आणि कायोटी दोन्ही असतील तर आधी ठसे बघा, कॅमेरा लावा, मग ठरवा, कारण कायोटीचा सापळा लांडग्याच्या वाटेवर लावणं हा सरळ निष्काळजीपणा आहे.

सापळ्यांच्या नंबरवर मात्र आंधळा विश्वास नको. एका कंपनीचा २ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ३ नंबराएवढा भरू शकतो. टेप लावून मोजा.

रबराचे जबडे, जाड जबडे, फट असलेले जबडे, यातलं बरं कुठलं?

रबरपॅडचा सापळा म्हटलं की ओनायडा व्हिक्टरचा ३ नंबरचा सॉफ्ट कॅच हा सगळ्यात जास्त अभ्यासलेला, कॅनडाच्या यादीत तो कायोटी, लिंक्स, बॉबकॅट तिघांसाठी आहे, आणि प्राणी धरून परत सोडायचा असेल (रेडिओ कॉलर लावायला म्हणा, दुसरीकडे हलवायला म्हणा) तर पॅडवाल्या सापळ्याचा विचार सगळ्यात आधी करावा. रबर पाय घट्ट धरतं, घसरू देत नाही, दाब पसरवतं. तोटा असा की रबर झिजतं, उंदीर-घुशी कुरतडतात, कडक थंडीत टणक होतं, आणि पॅड बदलायचा कंटाळा केला की उघडा पडलेला धातूचा खाचा पायाला लागतो. म्हणजे पॅडचा सापळा घेणार असाल तर सुटे पॅडही घ्या.

लॅमिनेटेड म्हणजे जबड्याला वरून-खालून लोखंडाची गोल कड वेल्ड करून त्याची जाडी वाढवलेली. पातळ पत्र्याची कड कापते, जाड गोल कड नुसती दाबते, इतकं साधं आहे ते. यादीत काही सापळे 'किमान ८ मिलिमीटर जाडीचे जबडे' अशा अटीवर आहेत ते यामुळेच.

ऑफसेट म्हणजे बंद झाल्यावर दोन जबड्यांत तीन ते सहा-आठ मिलिमीटरची फट राहते, त्याने रक्तपुरवठा चालू राहतो असं सांगतात. मला विचाराल तर फटीपेक्षा जाडी महत्त्वाची, कारण पातळ जबड्यात फट ठेवली तर पाय त्या फटीत मागेपुढे घासतो आणि सोललं जातं. जाड जबडा असेल तर फट असो नसो, दोन्ही प्रकारचे सापळे चाचणीत पास झालेत.

स्प्रिंग जितकी कमी ताकदीची तितका सापळा दयाळू, बरोबर ना?

बहुतेकांना असंच वाटतं पण उलट आहे. ढिला सापळा पायावर सरकतो, प्राणी फिरतो, ओढतो, आणि प्रत्येक वेळी जबडा त्याच जागी घासतो, रात्रभर. चांगल्या जाड जबड्यांवर चार कॉइल असतील तर पाय हलत नाही, म्हणून जखम कमी. पण हे 'जाड जबड्यांवर' या अटीनेच. पातळ जबड्यांच्या जुन्या सापळ्याला वरून दोन जादा कॉइल चढवून दिले तर तुम्ही फक्त कापणारं यंत्र जास्त जोरदार केलं.

पॅन टेन्शन काय असतं?

पॅन दाबून खटका सुटायला किती वजन लागतं ते. पॅनच्या बिजागरीचा स्क्रू आवळून हे कमीजास्त करता येतं आणि दुकानात छोटे मोजकाटे मिळतात. कायोटीसाठी दीड ते पावणेदोन किलोच्या आसपास ठेवलं तर स्कंक, छोटे कोल्हे, ससे वगैरे हलके प्राणी बरेचसे वरून चालून जातात. यात खर्च जवळपास शून्य आणि नको ते प्राणी वाचतात, तरी बरेच जण कारखान्यातून आला तसाच सापळा लावतात याचं मला खरंच वाईट वाटतं. मोसमात मध्येमध्ये परत मोजा, माती-बर्फाने फरक पडतो.

चेन आणि खुंटीचं एवढं काय, सापळा तर तोच राहतो?

माझ्या मते अर्ध्याहून जास्त जखमा इथेच ठरतात. सापडलेला कायोटी पहिल्या काही मिनिटांत जीव तोडून ओढतो, उडी मारतो, गोल गोल फिरतो. चेन जर सापळ्याच्या बाजूला अडकवलेली असेल तर प्रत्येक ओढ तिरकी बसते आणि पाय पिळला जातो. मधोमध खालून असेल तर ओढ सरळ रेषेत येते. मग स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, एक नाही, निदान दोन-तीन लावा, एक सापळ्याजवळ, एक मध्ये, एक खुंटीजवळ, कारण एकात माती-बर्फ जाऊन ती बसली तर बाकीच्या फिरतात. चेन आखूड ठेवा, फूट-दीड फूट, लांब चेन म्हणजे प्राण्याला धावायला जागा आणि शेवटी जोराचा हिसका. मध्ये एक धक्का खाणारी स्प्रिंग टाकली तर उत्तम.

खुंटी दोन फुटांची लोखंडी, किंवा जमिनीत ठोकून आडवी वळणारी केबलची अँकर. रेताड जमिनीत साधी खुंटी निघून येते, तिथे दोन खुंट्या तिरप्या ठोकतात. काही जण खुंटीऐवजी लांब चेनला आकडा बांधून ठेवतात म्हणजे प्राणी थोडा दूर जाऊन झुडपात अडकतो, पण मग तुम्हाला तो शोधावा लागतो, आणि शोधण्यात गेलेला वेळ प्राण्याचाच असतो. काही ठिकाणी यावर बंदीही आहे.

आणि जागा. खुंटीभोवती चेनच्या टप्प्यात काटेरी तार, कुंपण, झाडाचं खोड, मोठे दगड, उतार, पाणी काहीही नको. चेन झाडाला गुंडाळली गेली की स्विव्हलचा उपयोग संपला. सापळा जमिनीत घट्ट बसवा, डगमगता सापळा प्राण्याला कळतो आणि तो उकरून बाहेर काढतो किंवा चुकीच्या जागी पाय पडतो.

लिंक्ससाठी वेगळं काय बघायचं?

बरंच काही. कॅनडा लिंक्स वजनाने फक्त आठ-अकरा किलो, पण पंजे बर्फावर चालायला बनलेले, केसाळ आणि रुंद, आकाराने मोठ्या प्राण्याचे वाटतात. म्हणून वजन कमी असूनही सापळा लहान चालत नाही, ३ नंबरच लागतो, आणि पॅनचं टेन्शन लांडग्यासारखं जड ठेवून चालत नाही. कॅनडाच्या यादीत लिंक्ससाठी ३ नंबरचा सॉफ्ट कॅच, ३ नंबरचाच जाड जबड्यांचा ओनायडा व्हिक्टर आणि बेलिल कंपनीच्या पाय धरणाऱ्या केबल आहेत. यादी बदलत असते म्हणून मोसमाआधी ताजी बघून घ्या.

स्वभावही वेगळा. कुत्र्याच्या कुळातला प्राणी लोखंड चावतो, त्यामुळे दात तुटतात. लिंक्स थोडा वेळ झटापट करून बहुतेक वेळा गप्प बसून राहतो, त्यामुळे ओढाताणीच्या जखमा कमी. पण गप्प बसलेला प्राणी थंडीत गारठतो, आणि लिंक्सच्या बाबतीत खरा शत्रू तोच आहे.

लिंक्स नाकापेक्षा डोळ्याने शिकार शोधतो. हलणारं पीस, चमकणारी पट्टी टांगली की बघायला येतो, वासात बीव्हरच्या कस्तुरीसारख्या ग्रंथीचा आणि कॅटनिपचा (मांजरांना ओढ लावणाऱ्या वनस्पतीचा) उपयोग करतात. ही माहिती दोन्ही बाजूंनी वापरायची. जिथे लिंक्स धरायचा नाही तिथे डोळ्याला दिसणारं काहीही टांगू नका, जमिनीतल्या भोकात वास ठेवून कायोटीचा सापळा लावा. अमेरिकेच्या अलास्का-हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत कॅनडा लिंक्स २००० सालापासून संकटग्रस्त म्हणून कायद्याने संरक्षित आहे, तिथे कायोटीच्या सापळ्यात लिंक्स सापडणं ही नुसती चूक राहत नाही, लगेच खात्याला कळवावं लागतं. त्याच लिंक्सला कोलोरॅडोत परत आणण्यासाठी १९९९ ते २००६ मध्ये अलास्का आणि कॅनडातून पकडून आणलेले २१८ लिंक्स सोडले, म्हणजे एवढी माणसं राबली त्या प्राण्याचा पंजा आपल्या आळसाने जाऊ नये, इतकं तरी आपण करू शकतो.

किती थंडीत सापळा लावणं बंद करायचं?

दाबलेल्या पायात रक्त आधीच कमी फिरतं, त्यात लोखंड गार, म्हणून बोटं गोठायला मोकळ्या पायापेक्षा कमी वेळ लागतो. आणि गोठलेली बोटं त्या दिवशी ठीक दिसतात, काही दिवसांनी काळी पडून गळतात, तोवर प्राणी तुमच्या नजरेआड गेलेला असतो. जो प्राणी सोडायचा आहे त्याच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, रात्रीचं तापमान शून्याच्या बरंच खाली जाणार असेल तर पाय धरणारं काहीही लावू नका, पिंजरा वापरा नाही तर थंडी ओसरेपर्यंत थांबा. संशोधनात काही महिन्यांचा उशीर परवडतो.

केबलचा पायफास सापळ्यापेक्षा बरा का?

बेलिलच्या सेलेक्टिफसारख्या यंत्रात पॅन दाबला की स्प्रिंग एक जाड केबल पायावर फेकते आणि ती आवळली जाते. लोखंडी जबडा नाही म्हणून हाड मोडण्याची भीती कमी, वजनाने हलकी. पण केबल एका रेषेत दाबते, सूज येऊ शकते, एकदा प्राणी सापडला की तिचे धागे पिचतात म्हणून प्रत्येक वेळी नवी केबल घालायची. 'जुनीच सरळ करून वापरतो' असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. आपल्याकडे शिकारी लावतात ती तारेची फासकी आणि हे यंत्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, फासकीला ना थांबा असतो ना फिरती कडी, ती मान, कंबर, जे मिळेल ते कापत जाते.

मग सरळ पिंजराच का नाही लावत?

लिंक्ससाठी लावतातच आणि लावावाच. मांजरकुळ पिंजऱ्यात शिरतं. नॉर्वे-स्वीडनमध्ये संशोधक लिंक्ससाठी पेटीसारखे मोठे सापळे वापरतात, दार पडलं की मोबाइलवर मेसेज येतो. कायोटी आणि लांडगा मात्र पिंजऱ्याला फार बिचकतात, गावातला पोटभरू कायोटी एखादवेळी शिरेल पण रानातला सहसा नाही, म्हणून त्यांच्यासाठी पाय धरणारा सापळा राहिलाय, दुसरा पर्याय हेलिकॉप्टरमधून जाळं किंवा डार्ट मारण्याचा, त्याला पैसा लागतो आणि मोकळा माळ लागतो.

किती तासांनी तपासायचं?

कायद्यात प्रत्येक राज्यात-प्रांतात वेगळं आहे, कुठे २४ तास, कुठे ४८, कुठे ७२, काही ठिकाणी तर त्याहून सैल. कायदा काहीही म्हणू दे, २४ तासांत एकदा आणि शक्यतो उजाडल्या उजाडल्या. हे प्राणी बहुतेक रात्री सापडतात, पहाटे गेलात तर काही तासांत सुटका, दुपारी गेलात तर ऊन, कावळे, माणसं, कुत्री सगळ्यांचा त्रास वर. सूज, निर्जलीकरण, दात तुटणं, सगळं तासांबरोबर वाढत जातं, त्यामुळे साधा सापळा वेळेवर तपासला तर तो उशिरा तपासलेल्या भारी सापळ्यापेक्षा कमी इजा करतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

रेडिओ किंवा सेल्युलर सिग्नलचे अलार्म मिळतात, चेन ओढली गेली की कळतं. घ्या, चांगलेच आहेत, पण बॅटरी उतरते, रेंज जाते, म्हणून अलार्म आहे म्हणून फेरी चुकवायची नाही. लांडग्यांसाठी अमेरिकेत सरकारी लोक सापळ्याच्या जबड्याला गुंगीच्या औषधाची छोटी पुडीही लावतात, लांडगा चावतो आणि शांत होतो, पण ते औषध सामान्य माणसाला मिळत नाही आणि मिळू नये.

गरुड, घुबड किंवा भलताच प्राणी सापडू नये म्हणून?

मांस उघड्यावर ठेवू नका. गरुड, गिधाड आकाशातून मांस बघतात आणि उतरतात, म्हणूनच बऱ्याच राज्यांत उघड्या आमिषापासून ठराविक अंतराच्या आत सापळा लावायला बंदी आहे. मेलेल्या जनावराजवळ लावायचा असेल तर लांब, येण्याच्या वाटेवर लावा. हरणांच्या पायवाटेवर, कुंपणाच्या फटीजवळ, फिरायच्या ट्रेलजवळ कधीच नाही.

फिरताना माझा कुत्रा सापळ्यात अडकला तर?

हा भाग कुत्रा असलेल्या प्रत्येकाने वाचावा, ट्रॅपिंगशी काही देणंघेणं नसलं तरी.

पहिलं, घाबरू नका, पाय धरणाऱ्या सापळ्याने कुत्रा लगेच मरत नाही, तुमच्याकडे वेळ आहे. कितीही गरीब कुत्रा असला तरी दुखण्यात तो मालकाला चावतो, म्हणून पट्ट्याने तोंड हलकेच बांधा किंवा डोक्यावर जॅकेट टाका. त्याला ओढू नका, चेनच्या दिशेला सरकवा म्हणजे ताण जाईल. आता सापळा जमिनीवर सपाट ठेवा. जबड्यांच्या दोन्ही टोकांना बाहेर आलेल्या लिव्हर दिसतील, दोन्हींवर एकाच वेळी एकेक पाय ठेवून पूर्ण वजन द्या. जबडे सैल पडतात, पाय बाहेर काढा. हाताने जबडे फाकवायला जाऊ नका, जमत नाही आणि आपलीच बोटं अडकतात. बर्फ मऊ असेल तर सापळ्याखाली फळी किंवा दगड घ्या, नाही तर सगळा सापळाच आत दबतो.

नंतर लंगडत नसला तरी व्हेटला दाखवा, सूज आणि दातांची इजा उशिरा कळते. जागेचा फोटो काढा, लोकेशन घ्या, खात्याला कळवा. सापळा उचलून नेऊ नका, कायदेशीर लावलेला असेल तर तो गुन्हा होतो.

तारेचा फास आणि अंग दाबणारा चौकोनी सापळा मात्र काही मिनिटांत जीव घेतात. फासासाठी खिशात चांगला केबल कटर ठेवा, आणि चौकोनी सापळा उघडायचा कसा ते घरी व्हिडिओ बघून, जमलं तर ट्रॅपर असोसिएशनच्या शिबिरात जाऊन हाताने शिकून घ्या. न्यू मेक्सिकोत रॉक्सी नावाची कुत्री अशाच फासात मेली, २०२१ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला आणि तिथल्या सार्वजनिक जमिनीवर सापळे बंद झाले.

कायोटीला किंवा लिंक्सला जिवंत सोडायचं असेल तर?

संशोधनात हे काम डॉक्टर आणि प्रशिक्षित टीम करते, भूल देऊन, डोळे झाकून, तापमान बघत, शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबून. चुकून सापडलेला प्राणी सोडायचा तर फासाची काठी आणि जाड प्लायवूडची ढाल लागते, ढालीआडून सापळ्यावर पाय देता येतो. मान आवळायची नाही, नुसती धरायची. लिंक्सवर ब्लँकेट टाकलं की तो बराच शांत होतो. आवाज नको, कुत्री नकोत, फोटोसाठी रेंगाळायचं नाही. लांडगा असेल तर स्वतः काही करू नका, फोन करा. सोडल्यावर प्राणी पळून गेला म्हणजे सगळं ठीक असंही नसतं, फार झटापट केलेल्या प्राण्याचे स्नायू आतून खराब होऊन तो दिवसांनी मरू शकतो, म्हणून जितक्या कमी वेळात सुटेल तितकं बरं.

फरसाठी धरला तर शेवटी मारतातच ना, मग दया कसली?

खरं आहे, मारतात. मानकं सापळ्यातल्या वेळेबद्दल आहेत, मारावं की नाही याबद्दल नाहीत. मला स्वतःला फरचा व्यापार आवडत नाही, आणि इथल्या उत्तरेतली काही मूळनिवासी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ट्रॅपलाइनवर (सापळ्यांच्या ठरलेल्या वाटेवर) जगतात त्यांना मी शिकवायला जाणार नाही. पण मत कुठलंही असो, जोवर सापळे लागतायत तोवर त्यात अडकलेल्या प्राण्याची रात्र किती वाईट जाते हे माणसाच्या हातात आहे, आणि मारणाऱ्यानेही ते एका क्षणात, नीट शिकून करावं.

माझ्या कोंबड्या-मेंढ्या कायोटी नेतो. सापळा लावू का?

आधी बाकीचं करून बघा. रात्री जनावरं बंद गोठ्यात, मेलेलं जनावर आणि वार उघड्यावर टाकायची नाही, इलेक्ट्रिक कुंपण, राखणीचा कुत्रा. लांडग्यांसाठी दोरीवर लाल पट्ट्या टांगतात, काही आठवडे ते बिचकतात, पिल्लांच्या मोसमापुरतं पुरतं. एक जोडी जी तुमच्या मेंढ्यांकडे बघतही नाही तिला मारलं तर मोकळ्या जागेत दुसरे तरुण कायोटी येतात आणि ते काय करतील सांगता येत नाही. नेमका तोच एक प्राणी त्रास देतोय अशी खात्री असेल तर परवानाधारक ट्रॅपरला बोलवा. स्वतः लावायचं तर कोर्स करा, ऑन्टारिओसारख्या प्रांतात कोर्सशिवाय लायसन्सच मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

हे सापळे कुठे कुठे बंद आहेत?

युरोपियन युनियनमध्ये १९९५ पासून वापर बंद. इंग्लंडमध्ये जबड्याचा जुना जिन ट्रॅप १९५८ मध्येच बंद झाला. अमेरिकेत कोलोरॅडो आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १९९६ ला, कॅलिफोर्नियात १९९८ ला, वॉशिंग्टनमध्ये २००० ला मतदारांनी मत देऊन बंदी किंवा कडक मर्यादा आणल्या. नियमांना अपवाद असतात, संशोधन, सार्वजनिक आरोग्य वगैरे, त्यामुळे घर बदललंत तर नव्या राज्याचे नियम पहिल्यापासून वाचा.

भारतात गावी नेऊन वापरला तर चालेल का?

अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच सापळा लावणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. लांडगा आपल्याकडे पहिल्या अनुसूचीत, लडाखातला लिंक्सही. भारतात लांडग्यांना रेडिओ कॉलर लावायला रबरपॅडचे सापळे वापरले गेलेत पण ते परवानगीने, पशुवैद्यक बरोबर घेऊन. बाकी आपल्या जंगलात जे लोखंडी सापळे मिळतात ते वाघ-बिबट्यांच्या शिकारीसाठीचे, मेळघाटसारख्या भागात त्यांनी वाघ गेलेत. मेंढपाळ किंवा शेतकरी असाल आणि लांडग्याने शेळी नेली तर भरपाईचा अर्ज वनखात्यात करा, त्यासाठी पंचनामा लवकर करून घ्या. आणि रानात असा सापळा किंवा फासकी दिसली, मोकळी असो की प्राणी अडकलेला असो, हात न लावता जागेचा फोटो घ्या, आजूबाजूला माणसं जमू देऊ नका आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर लगेच कळवा.